शिशिरातील पाने : बंगळूरच्या सहलीचा बेत

परभाषेतील पुस्तके मराठीत आणताना ऋतूंची नावे फार त्रास देतात. इंग्रजीतील ‘ऑटम’ला आपल्या कोशांनी ‘शरद’ हा प्रतिशब्द दिला आहे आणि पंचांगाच्या दृष्टीने तो बरोबरही आहे. आश्विन-कार्तिकाचा काळ दोहींकडे सारखाच. परंतु त्या शब्दांमागची चित्रे मात्र निराळी आहेत. ‘ऑटम’ म्हणताच इंग्रज वाचकाच्या डोळ्यांसमोर पिवळी-तांबडी होऊन गळणारी पाने येतात. अमेरिकेत तर ह्या ऋतूला ‘फॉल’, म्हणजे नुसते ‘गळणे’ असेच म्हणतात. आपला शरद हा निरभ्र आकाशाचा, नितळ पाण्याचा आणि भरल्या शेतांचा ऋतू आहे. पानगळ आपल्याकडे येते ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. भाषांतरकाराला ही तफावत एखाद्या तळटिपेत भागवता येते. पाने पाहण्यासाठी प्रवासाला निघणाऱ्याला मात्र ती महागात पडते. कारण पुस्तकात वाचलेला महिना धरून तो ऑक्टोबरात निघतो, आणि बंगळूरला उतरतो तेव्हा तेथे पाऊस पडत असतो.

ह्यात अतिशयोक्ती नाही. बंगळूरला वर्षातला सर्वांत मोठा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात होतो. झाडे त्या वेळी ऐन भरात, गर्द हिरवी असतात. असा प्रवासी परत येऊन सांगतो, की आपल्या देशात पाने रंग बदलतच नाहीत. त्यासाठी जपानला किंवा कॅनडालाच जायला हवे. हा समज सुशिक्षितांतही बराच पसरलेला आहे. तो कशामुळे चुकीचा आहे, आणि रंगलेली पाने पाहण्यासाठी बंगळूरची सहल आखायची झाल्यास ती कशी आखावी, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम पाने रंग का बदलतात, हे थोडक्यात समजून घेऊ. पानाचा हिरवेपणा हरितद्रव्यामुळे असतो. हे द्रव्य सूर्यप्रकाशात सतत मोडत असते आणि झाड ते सतत नव्याने तयार करीत असते. पान टाकून देण्याची वेळ आली, की झाड ही नवनिर्मिती थांबवते. पानातील नत्र व स्फुरद ही मोलाची द्रव्ये फांदीत परत ओढून घेतली जातात, आणि देठाच्या बुडाशी बुचासारख्या पेशींचा एक पडदा तयार होतो. हिरवा रंग ओसरला म्हणजे मुळातच पानात असलेली पिवळी द्रव्ये, म्हणजे कॅरोटिनॉइडे, दिसू लागतात. पिवळा रंग असा केवळ उघडा पडतो. तांबड्या रंगाची गोष्ट वेगळी आहे. तो देणारी अँथोसायनिन नावाची द्रव्ये बहुतेक झाडांत अखेरच्या दिवसांत मुद्दाम तयार होतात. टाकून द्यावयाच्या पानावर झाडाने हा खर्च का करावा, ह्याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. द्रव्ये परत ओढली जात असताना पानाला उन्हापासून आडोसा मिळावा, हे त्यांपैकी एक स्पष्टीकरण.

थंड प्रदेशांत ह्या सगळ्याला इशारा मिळतो तो दिवस लहान होण्याचा आणि थंडी वाढण्याचा. भारतातही असा शरद आहे, पण तो काश्मीरात. काश्मिरी भाषेत त्याला ‘हरूद’ म्हणतात. ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबरचा मध्य ह्या काळात श्रीनगरचे चिनार वृक्ष पिवळे, नारिंगी आणि शेवटी गडद तांबडे होतात. विद्यापीठाच्या आवारातील नसीमबागेत तर चिनारांची दाट राईच आहे. ज्यांना पुस्तकातल्यासारखाच शरद हवा असेल त्यांनी सरळ तिकडे जावे. श्रीनगरला सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस ह्यांत सुमारे साडेचार तासांचे अंतर असते. बंगळूर सुमारे १३ अक्षांशावर आहे आणि तेथे हे अंतर जेमतेम दीड तासाचे आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्यामुळे हवा सुखद असते. पण जानेवारीतही किमान तापमान सर्वसाधारणपणे पंधरा अंशांच्या आसपास राहते. पाने झडून जावीत इतकी थंडी तेथे पडत नाही.

तेथील झाडाला पान टाकायला लावते ती तहान. नोव्हेंबरनंतर पाऊस जवळजवळ थांबतो, जमीन कोरडी पडू लागते, आणि पानांवाटे उडून जाणारे पाणी झाडाला परवडेनासे होते. आता, थंडी एका रात्रीत साऱ्या अरण्यावर सारखी उतरते. तहान मात्र प्रत्येकाची निराळी. ज्याची मुळे खोल त्याला ती उशिरा लागते, ज्याच्या बुंध्यात पाणी साठते त्याला आणखी उशिरा. शेजारी गळका नळ असेल तर एखादे झाड पानगळ लांबवूनही टाकते. म्हणून दख्खनमध्ये डोंगरच्या डोंगर एकदम पेटल्यासारखा दिसावा, अशी अपेक्षा ठेवू नये. येथे एकेक जात, पुष्कळदा एकेक झाड, आपापल्या दिवशी रंगते. एकाच रस्त्यावर दोन पिंपळ, एक पूर्ण निष्पर्ण आणि दुसरा कोवळ्या पालवीने झाकलेला, हे दृश्य नेहमीचे आहे. सहल आखणाऱ्याच्या दृष्टीने ह्याचा अर्थ इतकाच, की त्याने ठिकाणांची यादी करण्याआधी झाडांची यादी करावी.

दुसरा फरक ह्याहून महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेक प्रवासी पुस्तकांतून सुटतो. आपल्याकडील सर्वांत देखणा तांबडा रंग बहुधा जुन्या पानांचा नसतो. तो नव्या पालवीचा असतो. थंड देशांत झाड पाने टाकते आणि कित्येक महिने उघडे उभे राहते. आपल्याकडील पुष्कळ झाडे पाने टाकल्यावर काही दिवसांतच, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, पाऊस अजून दोन-तीन महिने दूर असताना, नवी पाने काढतात. पिंपळाची पालवी तांबूस गुलाबी, आंब्याची तपकिरी-जांभळट, सीताअशोकाची मलूल होऊन लोंबणारी तांबूस, नागकेशराची किरमिजी; आणि सह्याद्रीतील कोशिंबाची तर इतकी लाल, की लांबून झाड फुलले आहे असे वाटावे. कोवळ्या पानात हरितद्रव्य भरण्याचे काम झाड मागे ठेवते आणि अँथोसायनिनचा रंग आधी चढवते. हा रंग उन्हापासून संरक्षण देतो असे काही मानतात, तर नत्राने अद्याप न भरलेले असे पान किड्यांनी खाल्ले तरी झाडाचे फारसे नुकसान होत नाही, हेही एक कारण सांगितले जाते.

पण पाण्याची इतकी ओढ असताना पालवी फोडावीच का? ह्या प्रश्नाचे एक उत्तर बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेतील के. एस. मुरली आणि आर. सुकुमार ह्यांच्या अभ्यासातून मिळते. निलगिरीच्या पायथ्याशी असलेल्या मुदुमलाईच्या शुष्क पानझडी अरण्यात त्यांनी कोणत्या जातीला पालवी कधी येते आणि तिचे किडे किती नुकसान करतात, ह्याची नोंद ठेवली आणि निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. कोरड्या दिवसांत लवकर पालवणाऱ्या जातींची पाने पुष्कळ कमी खाल्ली गेली होती. पाऊस सुरू झाला की पाने खाणाऱ्या किड्यांची संख्या वाढते. तोपर्यंत ज्यांची पाने जून आणि चिवट झालेली असतात त्यांचे निभावते. चैत्रातील पालवीला आपण वसंताचा उत्सव समजतो. झाडाच्या बाजूने पाहता ती शत्रू येण्याआधी उरकून घेतलेली कामाची घाई आहे.

आता प्रत्यक्ष बेताकडे वळू. डिसेंबर-जानेवारीत पाहण्याजोगे पहिले झाड म्हणजे देशी बदाम. त्याची रुंद पाने गळण्याआधी शेंदरी व लालभडक होतात. युरोपीय पानगळीशी सर्वांत जवळचे साम्य ह्याच झाडाचे. ते पुष्कळदा वर्षातून दोनदा पाने टाकते, आणि शाळांच्या, कचेऱ्यांच्या आवारांत सर्रास लावलेले असल्यामुळे शोधावे लागत नाही. त्याच सुमारास ताम्हणाची पाने तांबूस होऊ लागतात. महाराष्ट्राने ज्याच्या फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला त्या वृक्षाचे पानही पाहण्यासारखे असते, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात येते. फुले यायला एप्रिल-मे उजाडतो, आणि जानेवारीत त्याच्याकडे कोणी पाहत नाही. फेब्रुवारीत पर्जन्यवृक्षाची बारीक पाने पिवळी होऊन झडतात आणि त्याखालची वाट मऊ होते. काटेसावर निष्पर्ण होऊन फुलते. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत पिंपळ, वड, आंबा, कडुनिंब ह्यांची पालवी येते, आणि मार्चमध्ये करंज, ज्याला कानडीत ‘होंगे’ म्हणतात, तो काही दिवसांत जुनी पाने टाकून पोपटी चकाकीने भरून जातो. ह्याच आठवड्यांत गुलाबी व पिवळा टॅबेबुया आणि जांभळा जॅकरंडाही फुलतात. छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी त्यांच्याभोवती असते, त्यामुळे पाने पाहणाऱ्याला बरीच शांतता लाभते.

ह्या हिशेबाने एकच फेरी करावयाची असेल तर फेब्रुवारीचा तिसरा आठवडा ते मार्चचा दुसरा आठवडा हा काळ निवडावा. पानगळीचा शेवट आणि पालवीची सुरुवात त्यात एकमेकांवर येतात. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी करावे लागते, आणि कोणतेही झाड साठ दिवस आधी आपला बेत कळवीत नाही. म्हणून नेमका एक दिवस धरण्यापेक्षा मुक्काम पाच-सहा दिवसांचा ठेवणे शहाणपणाचे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना उद्यान एक्सप्रेस सोयीची आहे. सोलापूर, कलबुर्गी, रायचूर ह्या मार्गाने कोरडे दख्खन ओलांडताना पानगळ म्हणजे काय ह्याचा पहिला पाठ खिडकीतूनच मिळतो.

शहरात पहिले दोन दिवस लालबागेला द्यावेत. मराठी वाचकाला बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीमुळे ठाऊक असते. लालबाग त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १७६० च्या सुमारास, हैदरअलीने सुरू केली. १८५६ मध्ये ती सरकारी वनस्पती-उद्यान झाली आणि आज तिचा विस्तार सुमारे २४० एकर आहे. आत शिरल्यावर १८८९ चे काचघर पाहण्यास घाई करू नये. आधी बागेतील उघड्या खडकावर चढावे. हा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा असून त्यावर केंपेगौडाच्या नावाचा एक लहान मनोरा आहे. येथून झाडांचे शेंडे वरून दिसतात. त्या हिरव्या पसाऱ्यात पिवळसर, तांबूस आणि राखी ठिगळे कोठे आहेत हे हेरून ठेवावे आणि मग खाली उतरून एकेकाकडे जावे. बऱ्याच झाडांवर नावांच्या पाट्या आहेत. सकाळचा पहिला तास उत्तम. कारण तांबडे पान उन्हाकडे तोंड करून, म्हणजे प्रकाश पानातून आरपार येईल अशा बाजूने, पाहिले तरच त्याचा खरा रंग कळतो. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास येथे पुष्पप्रदर्शन भरते. फुलांची आवड असेल त्यांनी तेव्हा जावे. पानांसाठी जाणाऱ्याने तो आठवडा टाळावा.

ह्या शहरात झाडे पाहण्यासारखी का आहेत, ह्याचे बरेचसे श्रेय गुस्ताव हेर्मान क्रुम्बिगेल ह्या जर्मन उद्यानतज्ज्ञाकडे जाते. ड्रेस्डेनजवळ १८६५ मध्ये जन्मलेला हा माणूस लंडनच्या क्यू उद्यानात काम करीत असताना सयाजीराव गायकवाडांनी त्याला बडोद्यास आणले. १८९३ ते १९०८ ही वर्षे तो बडोदा संस्थानात होता. तेथून तो म्हैसूर संस्थानात गेला आणि लालबागेचा प्रमुख झाला. बंगळूरच्या रस्त्यांवर निरनिराळ्या महिन्यांत फुलणारी झाडे अशा क्रमाने लावावीत, की वर्षभर कोठे ना कोठे बहर असावा, ही कल्पना त्याची मानली जाते. तिचा मुख्य रोख फुलांवर होता. पण फुलांचा क्रम लागला तसा पानांचाही आपोआप लागला, आणि आजच्या पाहुण्याला त्याचा लाभ होतो. पुढे १९८० च्या दशकात वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ ह्यांच्या देखरेखीखाली शहरात सुमारे पंधरा लक्ष रोपे लावण्यात आली. रस्त्यांवर आज डोक्यावर कमान धरणारी पुष्कळ झाडे त्या वेळची आहेत.

कबन पार्क, मल्लेश्वरम्, बसवनगुडी, जयनगर हे भाग पायी फिरावेत. मात्र जुन्या वस्त्यांत एक गोष्ट आवर्जून शोधावी, ती म्हणजे पिंपळाचा पार, कानडीत ‘अरळीकट्टे’. त्यावर पुष्कळदा पिंपळ आणि कडुनिंब शेजारी लावलेले असतात. दोघांचे लग्न लावण्याची प्रथा आहे, आणि बुंध्याशी नागशिळा मांडलेल्या असतात. मार्चमध्ये ह्या एकाच पारावर दोन निरनिराळ्या तांबड्या छटा एकत्र पाहावयास मिळतात. पिंपळाचे कोवळे पान रुंद, नितळ आणि जवळजवळ पारदर्शक असते. कडुनिंबाचे बारीक, करवती काठाचे आणि तांबूस किरमिजी. गुढीपाडव्याला आपण जो कडुनिंब गुळाबरोबर खातो आणि कानडी घरांतून युगादीला जो ‘बेवु-बेल्ल’ म्हणून वाटला जातो, तो ह्याच दिवसांतला कोवळा पाला. बाजारात जुडी घेताना तो तांबूस आहे की हिरवा, एवढे पाहिले तरी त्या वर्षीचा ऋतू किती पुढे गेला आहे हे कळते.

शहराबाहेर दोन ठिकाणे पुरेशी आहेत. रामोहळ्ळीजवळचा ‘दोड्ड आलद मर’ हा प्रचंड वड सुमारे २८ किलोमीटरवर आहे. त्याचे मूळ खोड रोगाने गेले, पण पारंब्यांची खोडे तीन एकरांच्या आसपास पसरली आहेत. दुसरे बन्नेरघट्ट. तेथील शुष्क पानझडी वनात धावडा पुष्कळ आहे, आणि हिवाळ्याच्या अखेरीस त्याची पाने तांबूस होऊन डोंगरउतार गंजल्यासारखे दिसतात. येथे एक इशारा देणे भाग आहे. ज्या कोरड्या पानांसाठी आपण जातो तीच ह्या दिवसांत वणव्याचे इंधन असतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंदीपूरच्या अरण्यात हजारो एकर जमीन जळाली. उन्हाळ्याच्या तोंडावर वनखाते पायवाटा बंद ठेवते ते ह्याच भीतीने. तेव्हा अरण्याचा बेत आखताना परवानगीची चौकशी आधी करावी, नकार मिळाल्यास त्याचा राग मानू नये, आणि काडेपेटी मुक्कामावरच ठेवावी.

एक अडचण मात्र कोणत्याही वेळापत्रकाने सुटत नाही. झाड आपल्या दिवशी रंगेल ह्याची खात्री देता येते. ते जागेवर असेल ह्याची देता येत नाही. गेल्या काही दशकांत बंगळूरचे रस्ते रुंद करताना मोठमोठी झाडे गेली आहेत. २०१६ मध्ये बसवेश्वर चौकापासून हेब्बाळपर्यंत पोलादी उड्डाणपूल बांधण्याची योजना पुढे आली, तेव्हा तिच्यासाठी ८१२ झाडे तोडावी लागणार होती. नागरिक हातात हात घालून रस्त्यावर उभे राहिले, आणि मार्च २०१७ मध्ये सरकारने ती योजना मागे घेतली. प्रत्येक वेळी असा निकाल लागत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकातील झाडांची यादी घेऊन जाणाऱ्याला काही ठिकाणी फक्त खांब सापडतील.

म्हणूनच नोंदींची गरज आहे. जपानच्या हवामान खात्याने १९५३ पासून मेपल व गिंको ह्यांची पाने कोणत्या दिवशी रंगली हे गावोगाव टिपून ठेवले आहे. त्या नोंदींवरूनच मेपलचा रंग पूर्वीपेक्षा उशिरा चढतो हे सिद्ध करता आले. आपल्याकडे पिंपळाविषयी असे काही सांगावयाचे झाल्यास आजीच्या आठवणीखेरीज फारसा आधार नव्हता. अलीकडे ‘सीझनवॉच’ ह्या उपक्रमात शाळांतील मुले व हौशी नागरिक ठरलेल्या एकाच झाडाकडे दर आठवड्याला जाऊन कोवळी पाने, जून पाने, कळ्या, फळे किती आहेत हे लिहून ठेवतात. प्रवाशालाही हे करता येईल. वहीत झाडाचे नाव, जागा आणि तारीख लिहावी. जुन्या पानांचा रंग, गळालेल्या पानांचा अंदाज आणि पालवीची अवस्था ह्या तीन गोष्टी टिपाव्यात. झाड निष्पर्ण असेल तर तेही लिहावे. पुढच्या वर्षी कोणत्या आठवड्यात यावे ह्याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकापेक्षा ही वही अधिक चांगले देईल.

हा ऋतू फार दिवस टिकत नाही. पिंपळाच्या पानातला तांबडेपणा आठ-दहा दिवसांत हिरव्यात विरतो. मार्च संपता संपता करंजाची फुले रस्त्यांवर चुरमुऱ्यांसारखी पडू लागतात, आणि एप्रिलमध्ये आंब्याच्या मोसमातील पहिल्या वळवाच्या सरी येतात. त्यानंतर करंजाची पाने जवळून पाहिली, तर त्यांवर अळ्यांनी कोरलेल्या पांढऱ्या नागमोडी रेघा आणि बारीक गाठी दिसतात.